लिंगनिश्चितीचं पान पुन्हा लिहा: जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तककारांना खुलं पत्र

जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांचे लेखक, संपादक आणि अभ्यास मंडळांचे सदस्य यांना सप्रेम नमस्कार.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. हे पत्र तुमच्या पुस्तकातल्या एकाच पानाबद्दल आहे. आनुवंशिकतेच्या धड्यातलं ते पान तुमच्या डोळ्यांसमोर लगेच येईल. वर माता आणि पिता, खाली चार घरांची चौकट, दोन घरांत एक्सएक्स, दोन घरांत एक्सवाय. त्याखाली ठळक अक्षरांत निष्कर्ष: एक्सएक्स म्हणजे मुलगी, एक्सवाय म्हणजे मुलगा. परीक्षेत हमखास येणारी आकृती, त्यामुळे एरवी पुस्तक न उघडणाऱ्या मुलांनाही ती बिनचूक काढता येते. माझी मागणी अशी की हे पान पुन्हा लिहावं आणि इंटरसेक्स असणं म्हणजे काय (शरीराची लैंगिक घडण स्त्री किंवा पुरुष या ठरीव साच्यात पूर्ण न बसणं) हे त्याच धड्यात, त्याच पानाला जोडून सांगावं. शेवटच्या परिशिष्टात नको, ‘माहीत आहे का तुम्हाला?’च्या रंगीत चौकटीत नको आणि विकारांच्या यादीत तर नकोच नको.

तक्रारीआधी या पानाचं एक देणं मान्य करते. बाळाचं लिंग पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, हे वाक्य तुम्ही तिथे आवर्जून घातलंत. मुलगी झाली म्हणून बाईला बोल लावणाऱ्या घरांतली मुलंही ते वाक्य पाठ करतात, आणि त्यातली काही घरी जाऊन ऐकवतातही. तेव्हा ‘समाजातल्या वादात पुस्तकाने पडू नये’ हा मुद्दा निदान या पानापुरता तरी निकालात निघाला आहे. पुस्तक तिथे आधीच पडलेलं आहे, आणि योग्य बाजूने पडलेलं आहे.

माझी अडचण त्यानंतरच्या ओळीशी आहे. एक्सवाय गुणसूत्रं असलेलं मूल बहुतेक वेळा मुलगा होतं, हे निरीक्षण आहे. पुस्तकात येईपर्यंत त्यातलं ‘बहुतेक वेळा’ गळून पडतं आणि निरीक्षणाची व्याख्या होते. मग स्वाध्यायात रिकामी जागा येते: ‘एक्सवाय गुणसूत्रे असलेली व्यक्ती ...... असते.’ अपेक्षित उत्तर एकच शब्द, एक गुण. ज्यांच्या बाबतीत ते उत्तर चुकतं अशी माणसं जगात आहेत, आणि त्यांच्यातली काही आपल्याच वर्गात बसून ती रिकामी जागा भरतात.

शरीर घडतं कसं हे सांगितलं तर हा विषय अवघड राहत नाही, असा माझा अनुभव आहे. गर्भ साधारण सहा आठवड्यांचा होईपर्यंत त्याच्याकडे बघून काहीच ठरवता येत नाही. जननग्रंथी असतात, पण त्या वृषणही होऊ शकतात आणि अंडाशयही. नलिकांच्या जोड्या दोन असतात. एकीपासून गर्भाशय आणि अंडनलिका होऊ शकतात, दुसरीपासून शुक्रवाहिनी. प्रत्येक गर्भात दोन्ही. बाहेर एक छोटासा उंचवटा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना घड्या, त्याही सगळ्यांना सारख्याच. त्यानंतर बहुतेक एक्सवाय गर्भांत वाय गुणसूत्रावरचा एक जनुक जागा होतो. त्याचा शोध १९९० साली लागला, नाव एसआरवाय. त्याच्या इशाऱ्याने जननग्रंथींचे वृषण होतात. वृषण दोन कामं करतात: एका संप्रेरकाने गर्भाशयाच्या वाटेवरच्या नलिका मिटवतात, आणि टेस्टोस्टेरॉनने दुसऱ्या नलिका टिकवतात. बाहेरच्या अवयवांसाठी टेस्टोस्टेरॉनचं आणखी एका तीव्र संप्रेरकात रूपांतर व्हावं लागतं, तेव्हा कुठे त्या उंचवट्याचं शिश्न होतं आणि घड्या जुळून वृषणकोश तयार होतो. वृषणकोशाच्या मधोमध जी बारीक शिवण दिसते ती या जुळणीचीच खूण. हे सगळं घडलं नाही, तर त्याच उंचवट्याची शिश्निका होते आणि त्याच घड्यांचे भगोष्ठ.

आता या साखळीत किती कड्या आहेत बघा. गुणसूत्र, जनुक, ग्रंथी, संप्रेरक, ते संप्रेरक बदलणारं विकर (एन्झाइम), आणि संप्रेरकाचा निरोप घेणारी पेशी. यातली कुठलीही कडी नेहमीपेक्षा वेगळी वागू शकते. तशी ती वागली आणि शरीराची लैंगिक घडण स्त्री किंवा पुरुष या ठरीव साच्यात पूर्ण बसली नाही, की त्याला इंटरसेक्स म्हणतात. मराठीत आंतरलिंगीही म्हणतात. हा एकच एक प्रकार नव्हे. वेगवेगळ्या पन्नास वाटांनी घडणाऱ्या गोष्टींचं ते सामाईक नाव आहे. यातून एक जुना गैरसमजही आपोआप सुटतो: अशा व्यक्तीला स्त्री आणि पुरुष दोघांचे पूर्ण बाह्य अवयव असतात, हा. उंचवटा एकच असेल तर त्यापासून दोन वेगळे अवयव येणार कुठून? जे घडतं ते या दोन टोकांच्या मधलं काहीतरी असतं, किंवा आतलं एका प्रकारचं आणि बाहेरचं दुसऱ्या.

एक उदाहरण जरा सविस्तर घेते, कारण तुमच्या रिकाम्या जागेला ते थेट छेद देतं. बाळाची गुणसूत्रं एक्सवाय आहेत, वृषण तयार झाले आहेत, टेस्टोस्टेरॉनही भरपूर आहे, पण पेशींना त्याचा निरोप वाचताच येत नाही. वैद्यकात याला अँड्रोजेन असंवेदनशीलता म्हणतात. ती पूर्ण असेल तर बाळ मुलगीच दिसतं, मुलगी म्हणूनच वाढतं. वयात येताना शरीर त्याच टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं आणि स्तनांची वाढ होते. काखेत आणि जांघेत केस जवळजवळ येत नाहीत. पाळी येत नाही, कारण गर्भाशय नाही. वृषणांच्या त्या पहिल्या संप्रेरकाने आपलं काम चोख केलेलं असतं. बहुतेक जणींना हे कळतं ते पाळी का आली नाही म्हणून तपासण्या झाल्यावर. त्या स्वतःला स्त्री मानतात, घरचे मानतात, सगळं जग मानतं. तुमचं पुस्तक मात्र त्यांना पुरुष ठरवतं.

हा नुसता शब्दांचा खेळ असता तर पत्र लिहायला बसले नसते. मारिया होसे मार्टिनेस-पातिन्यो ही स्पेनची अडथळा शर्यतीची धावपटू. १९८५ साली जपानमधल्या कोबे इथे जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तिची लिंगचाचणी झाली आणि अहवालात एक्सवाय आलं. तिला स्वतःला त्याची कल्पनाही नव्हती. पुढच्या वर्षी ती राष्ट्रीय स्पर्धेत धावली तेव्हा बातमी फुटली. शिष्यवृत्ती गेली, विक्रम पुसले गेले, माणसं तुटली. तिचं शरीर टेस्टोस्टेरॉन वापरूच शकत नाही, मग त्याचा फायदा तिला मिळाला कसा, हे अधिकाऱ्यांना पटवायला १९८८ साल उजाडलं. चाचणी घेणाऱ्यांचं अख्खं शास्त्र आपल्या चार घरांच्या चौकटीपुढे गेलेलं नव्हतं.

उलट बाजूचं उदाहरण अधिवृक्क, म्हणजे मूत्रपिंडांवर असणाऱ्या, ग्रंथींचं. एक्सएक्स गुणसूत्रं, अंडाशय आणि गर्भाशय जागच्या जागी, पण या ग्रंथींना कॉर्टिसॉल हे संप्रेरक बनवायला लागणारं एक विकर कमी पडतं. ग्रंथी जोर लावत राहते आणि त्या भरात पुरुषी संप्रेरकं जास्त तयार होतात. जन्मतः शिश्निका मोठी असू शकते, कधी इतकी की बाळाला मुलगा समजून घरी नेलं जातं. सुमारे १५,००० जन्मांत एका बाळाला हा दोष असतो. यात एक गोष्ट खरोखर जिवावरची आहे: यातल्या बऱ्याच बाळांच्या शरीरातून मीठ वाहून जातं आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाळ दगावू शकतं. वेळेवर औषधं सुरू केली तर वाचतं. धावपळ करायची ती या मिठासाठी. अवयवाच्या आकाराने कुणी मरत नाही. पण आजवर कित्येक घरांत आणि दवाखान्यांत या दोन गोष्टींची गल्लत झाली आणि घाई भलत्याच ठिकाणी केली गेली.

आणखी प्रकार आहेत, सगळे पुस्तकात घाला असं मी म्हणत नाही. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या सालिनास गावातल्या मुलांवरचा अभ्यास १९७४ साली प्रसिद्ध झाला. टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर करणारं विकर नसल्याने ती मुली म्हणून वाढली होती आणि वयात येताना त्यांची शरीरं पुरुषी झाली. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी पोट उघडलं आणि मुलंबाळं असलेल्या माणसाच्या पोटात गर्भाशय सापडलं, अशाही नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणजे कुणाला जन्मतः कळतं, कुणाला पंधराव्या वर्षी, कुणाला मूल होत नाही म्हणून, आणि कुणाला कधीच नाही.

किती जण? इथे तुम्हाला दोन आकडे भेटतील आणि दोन्हींवरून भांडणं सापडतील. २००० साली आलेल्या एका अभ्यासाने सगळे फरक मोजून १.७ टक्का सांगितला. जन्मतः बाह्य अवयवांवरून लिंग सांगता येत नाही अशी बाळं मात्र साधारण ४,५०० त एक. फरक व्याख्येचा आहे. कुठला प्रकार मोजायचा नि कुठला नाही, यावर आकडा हलतो. चळवळीत पहिला आकडा जास्त ऐकू येतो आणि विरोधक दुसऱ्याहूनही लहान आकडा काढून दाखवतात. पुस्तकाने दोन्ही द्यावेत आणि ते वेगळे का आहेत हे सांगावं. मुलांना विज्ञानात मोजणी कशी होते हेही त्यातून कळेल.

तुमच्यातले काही म्हणतील, टर्नर (मुलींमध्ये एकच एक्स गुणसूत्र असणं) आणि क्लाइनफेल्टर (मुलग्यांमध्ये एक जादा एक्स असणं) आहेत की पुस्तकात. आहेत. कुठे आहेत ते बघा. ‘गुणसूत्रीय अपसामान्यता’ या मथळ्याखाली, डाउन सिंड्रोमच्या शेजारी, ‘४४ + एक्स’ आणि ‘४४ + एक्सएक्सवाय’ असे. खाली एका ओळीत ‘वंध्य’ असा शिक्का. आणि स्वाध्यायात ‘जोड्या लावा’. क्लाइनफेल्टर साधारण ५०० ते १,००० मुलग्यांत एकाला असतो. त्यातल्या अनेकांना प्रौढपणी मूल होत नाही म्हणून तपासेपर्यंत ते ठाऊकही नसतं. म्हणजे मोठ्या शाळेत एखादा मुलगा स्वतःचीच जोडी लावून गुण मिळवत असण्याची शक्यता पुरेपूर आहे.

त्याच वेळी उलटं टोकही नको. सगळं नैसर्गिक आहे, डॉक्टरांची गरजच नाही, असा सूर हल्ली कुठे कुठे दिसतो तो मला पटत नाही. टर्नर असलेल्या मुलींच्या हृदयाची नीट तपासणी व्हावी लागते. जननग्रंथी विकसितच न झालेल्या एक्सवाय मुलींमध्ये त्या ग्रंथींत कर्करोग होण्याचा धोका बराच असतो, तिथे त्या काढाव्या लागतात. पूर्ण अँड्रोजेन असंवेदनशीलतेत मात्र वयात येण्याआधी हा धोका फार कमी असतो आणि ग्रंथी ठेवल्या तर शरीर आपली संप्रेरकं आपणच बनवतं. काढल्या तर जन्मभर गोळ्या आणि हाडांची काळजी मागे लागते. एका मुलीला जो सल्ला बरोबर, तोच दुसरीला चुकीचा. इतका फरक असताना सगळ्यांना एकाच ‘विकार’ या पोत्यात भरून काय साधतं?

माझ्या वर्गात धडा संपला की एक डबा ठेवते, नाव न लिहिता प्रश्न टाकायला. प्रजननाच्या धड्यानंतर डबा भरतो, त्यातले निम्मे प्रश्न खोडसाळ असतात, ते अपेक्षितच आहे. एकदा वहीच्या कागदाची चार घड्या घातलेली चिठ्ठी निघाली. तिच्यावर लिहिलं होतं: ‘सोळा पूर्ण झाली तरी पाळी आली नाही तर ते कुठल्या धड्यात आहे?’ काय होतं, घाबरायचं का, यातलं काहीच विचारलेलं नव्हतं. कुठल्या धड्यात, एवढंच. मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं की पंधरापर्यंत पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जावं, कारणं पुष्कळ असतात, बरीचशी साधी असतात, आणि काही वेळा शरीराची घडणच वेगळी असते, त्यातही लपवण्यासारखं काही नाही. अक्षर कुणाचं ते शोधलं नाही. पण प्रश्नाचं शब्दशः उत्तर द्यायचं तर ‘कुठल्याच नाही’ हेच होतं.

पुस्तकाची ही गप्प जागा एका मोठ्या गप्पपणाचा भाग आहे, म्हणून मी तिच्यामागे लागले आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ जॉन मनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विचार मांडला की मूल अगदी लहान असतानाच लिंग ठरवून शस्त्रक्रियेने शरीर त्याला जुळवून घ्यावं आणि पालकांनी मनात शंका न ठेवता मुलाला तसं वाढवावं. ही पद्धत जगभर गेली. तान्ह्या बाळांची शिश्निका कापली जाऊ लागली, योनी बनवल्या जाऊ लागल्या, ग्रंथी काढल्या जाऊ लागल्या. त्यातून व्रण, संवेदना जाणं, एकामागून एक शस्त्रक्रिया. आणि ज्याचं शरीर त्यालाच काही सांगायचं नाही, ही ताकीद. जर्मनीतली ख्रिस्टियाने फ्योलिंग मुलगा म्हणून वाढली. १९७७ साली, अठराव्या वर्षी, तिच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि आत सापडलेलं गर्भाशय आणि अंडाशय पूर्वकल्पना न देता काढून टाकण्यात आले. तिची गुणसूत्रं एक्सएक्स होती. ती कोर्टात गेली, २००८ साली कलोनच्या न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी एक लाख युरोंची भरपाई मंजूर झाली. तोवर तीस वर्षं उलटली होती.

अशा माणसांनीच पुढे येऊन हे बदलायला लावलं. २६ ऑक्टोबर १९९६ रोजी बॉस्टनमध्ये बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेबाहेर इंटरसेक्स व्यक्ती पहिल्यांदा उघडपणे निदर्शनाला उभ्या राहिल्या. आज ती तारीख इंटरसेक्स जागृती दिवस म्हणून पाळतात. २०१५ साली माल्टाने संमतीविना होणाऱ्या, पुढे ढकलता येण्याजोग्या अशा शस्त्रक्रियांवर कायद्याने बंदी आणली. २०१९ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तमिळनाडू सरकारने जिवाला धोका असेल तेवढे प्रसंग सोडून तान्ह्या बाळांवरच्या या शस्त्रक्रिया थांबवल्या. २०२० साली शिकागोच्या एका नामांकित बालरुग्णालयाने पूर्वी केलेल्या शस्त्रक्रियांबद्दल जाहीर माफी मागितली. २०२४ च्या एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने या विषयावरचा आपला पहिला ठराव केला. न्यायाधीशांनी आणि शल्यविशारदांनी आपली पानं दुरुस्त केली. आपलं पान तिथेच आहे.

आणि ते पान ज्यांच्या कामी यायचं ते कोण, याचा विचार करा. बाळंतपणानंतर दोन-चार दिवसांत, झोप नाही, घरचे फोनवर ‘मुलगा की मुलगी’ विचारताहेत, अशा वेळी जे आईवडील कागदावर सही करतात त्यांनी ‘इंटरसेक्स’ हा शब्द त्याआधी कुठे ऐकलेला असतो? विज्ञान शेवटचं शिकले ते शाळेत. तिथे दोनच उत्तरं होती. तिसरं काही असू शकतं, त्यात बाळ ठणठणीत असू शकतं, तात्पुरतं मुलगा किंवा मुलगी म्हणून वाढवत थांबता येतं आणि मोठं होऊन ते स्वतः सांगेल, हे जर त्यांना पंधराव्या वर्षीच एका परिच्छेदात कळलं असतं, तर डॉक्टरांना चार प्रश्न तरी विचारले असते.

शिक्षकखोलीत या सूचनेला येणारे आक्षेप मला तोंडपाठ आहेत. मुलं हसतील. हसतात, प्रजननाच्या पहिल्या आकृतीलाही हसतात, दहा मिनिटांत थांबतात. विषय या वयाला जड आहे. याच मुलांकडून आपण क्रेब्ज चक्राचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जानिर्मितीतल्या अभिक्रियांचे, टप्पे क्रमाने लिहून घेतो. अपवाद शिकवले तर नियम गोंधळतो. मग मेंडेलचा वर्चस्वाचा नियम शिकवून झाल्याबरोबर लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून आलेली गुलाबी फुलं का दाखवता? तिथे ‘अपूर्ण वर्चस्व’ असं साधं नाव देऊन पुढे जाता, फुलाला विकारग्रस्त म्हणत नाही, आणि नियमही कुणाचा गोंधळलेला दिसत नाही. पालक तक्रार करतील, हा आक्षेप मात्र खरा आहे. काही करतील. त्यासाठी शिक्षक हस्तपुस्तिकेत दोन पानं लागतील आणि मुख्याध्यापकांच्या हातात तुमच्या सहीचं पत्र लागेल. एकट्या शिक्षकावर सोडून भागणार नाही.

आणखी एक घोटाळा पुस्तकानेच मिटवावा, म्हणजे वर्गातला अर्धा वेळ वाचेल. इंटरसेक्स असणं ही शरीराच्या घडणीची बाब आहे. आपण स्त्री आहोत की पुरुष की आणखी कुणी, ही आतली जाणीव वेगळी. कुणाबद्दल ओढ वाटते ते तिसरंच. इंटरसेक्स व्यक्ती या बाबतींत इतर कुणाहीसारखीच कशीही असू शकते. बहुतेक जण स्त्री किंवा पुरुष म्हणून जगतात, काही जण दोन्हीत बसत नाहीत.

मजकूर तयार करायला वेळ लागेल हे जाणून कच्चा मसुदा खाली देते. भाषा तुम्ही सुधारा.

‘एक्सएक्स गुणसूत्रे असलेल्या गर्भापासून बहुतेक वेळा मुलगी आणि एक्सवाय असलेल्या गर्भापासून बहुतेक वेळा मुलगा विकसित होतो. गुणसूत्रे, जनुके, जननग्रंथी आणि संप्रेरके या सर्वांच्या क्रियेतून शरीराची लैंगिक घडण होते. काही व्यक्तींमध्ये ही घडण स्त्री किंवा पुरुष या नेहमीच्या स्वरूपापेक्षा वेगळी असते. त्यांना इंटरसेक्स किंवा आंतरलिंगी व्यक्ती म्हणतात. यांपैकी काही स्थितींत वैद्यकीय उपचारांची गरज असते, अनेकांत नसते.’

यापुढे गर्भाच्या सहाव्या आठवड्याची एक आकृती हवी, मधोमध सामाईक अवस्था आणि तिच्यापासून फुटणाऱ्या वाटा दाखवणारी. टर्नर आणि क्लाइनफेल्टर इथे हलवा आणि ‘वंध्य’ हा एकशब्दी निकाल काढा. मूल होण्यात अडचण येऊ शकते, एवढं पुरे. आणि छपाईआधी मजकूर इंटरसेक्स व्यक्तींना वाचायला द्या. तज्ज्ञ समितीत डॉक्टर असतातच, त्यांच्याशेजारी या दोन-तीन खुर्च्या ठेवायला अडचण नसावी.

नवी आवृत्ती निघायला वर्षं जातात, हे मी इतकी वर्षं नोकरीत राहून शिकले आहे. पण स्वाध्यायातली ती रिकामी जागा आणि ती ‘जोड्या लावा’ प्रश्नपत्रिकेतून वगळण्यासाठी नवं पुस्तक लागत नाही. एक परिपत्रक लागतं. ते येत्या परीक्षेआधी निघावं, एवढी विनंती सगळ्यात आधी.

आपली,
एक जीवशास्त्र शिक्षिका